लाल झालेली पट्टी

तेरवीच्या पंगतीत पनीर नव्हतं, आणि नव्हतं म्हणूनच ते प्रत्येकाच्या जिभेवर होतं. वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी आणि बुंदी. धाडच्या आठवडी बाजाराला जमावीत तशी माणसं कडूबांच्या दारातल्या मांडवात बसून उठत होती. जेवताना कोणी घास नाकाजवळ नेत नव्हतं, एवढी माणुसकी गावानं पाळली. हात धुताना मात्र गाव कुजबुजत होतं. कडूबांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या त्या नासकं पनीर खाऊन, आणि तेही घरच्याच शेडमधलं. आता यावर कोण काय बोलणार?

अनुपमा बुंदी वाढत होती. सत्यभामाबाईंची मोठी लेक. सासर खामगावचं, तिथं सरकी-पेंडेचा व्यापार. बारा महिने काट्यावर पोती चढता-उतरताना बघून तिला माणसंही तोलायची सवय लागली होती. काटा मनातल्या मनात, पण दांडी सरळ. मायसाठी तिचे स्वतःचे डोळे दिवस-रात्र गळले होते, तरी त्या गळत्या डोळ्यांनीही तिनं हिशेब सोडला नव्हता. रुपालीवहिनी रडली ती चारचाकीतून पाहुणे उतरले तेव्हा. एसटीनं आलेल्यांसाठी तिनं नुसता पदर डोळ्यांना लावला. तिचा नवरा शेखरदादा रडला नाही, पण मांडववाल्याला दोर कुठं बांधायचे ते दाखवायच्या निमित्तानं शेडभोवती फिरून आला आणि तिची लांबी-रुंदी पावलांनी घेऊन आला. पुरुष माणसाचं न रडणं गाव धीरात जमा करतं. धाकट्या सुनेचं, सुचिताचं, न रडणं मात्र गावानं सरळ तिच्या नावे टाकलं होतं.

आणि खर्चाच्या बाजूला आधीच बरंच काही साचलेलं होतं. दीड वर्षापूर्वी ज्ञानेश्वर, घरातला धाकटा, सुचिताचा नवरा, बुलढाण्याहून मोटारसायकलवर येताना गेला. त्याच्या मागं सुचितानं त्याची शेड चालू ठेवली. मक्याच्या स्टार्चपासून पिशव्या करायच्या, घरच्या म्हशींच्या दुधाचं पनीर त्यांत भरायचं. पिशवी मातीत टाकली की मातीच होणारी, आणि पिशवीच्या आत एक छोटी पिवळी पट्टी. पनीर चांगलं आहे तोवर पट्टी पिवळी. नासायला लागलं की लाल. तसं पिशवीवर छापलेलंही होतं. जालन्याच्या एका डेअरीनं नमुने मागवले, तेव्हा शेखरनं चारचौघांत ‘आमची शेड’ म्हणायला सुरुवात केली होती. माय गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ‘तिची शेड’ म्हणायला लागला.

बुलढाण्याच्या दवाखान्यात मायला विचारलं होतं, आजी, शिळंपाकं काय खाल्लं? माय म्हणाली, चांगलंच व्हतं. तेवढंच बोलली. साखरेचं दुखणं आधीचं, जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, आणि ती गेली. मग रुपालीला मायच्या बाजेखाली रिकामी पिशवी सापडली. ती तिनं आधी नवऱ्याला दाखवली नाही. आधी शेजारणीला दाखवली. शहाण्या बाईला कळतं, गोष्ट कुठं टाकली की लवकर उगवते.

आज मांडव उतरायच्या आत ठरायचं होतं, शेड राहते की जाते. शेखरच्या कृषी केंद्राला गोदाम हवंच होतं. आणि शेड गेली तर सुचिता कशाच्या आधारानं राहील, हे विचारायची गरज कोणाला वाटत नव्हती, कारण त्याचं उत्तर देऊन झालं होतं: तिच्या भावाला निरोप गेला होता, उद्या गाडी घेऊन ये.

शेवटची पंगत उठली. अनुपमानं परात ठेवली आणि ती शेडकडं गेली. जाताना तिच्या मनात दया नव्हती. खरं सांगायचं तर तिला सुचिताचं तोंड सगळ्यांच्या आधी बघायचं होतं.

शेडमध्ये हळदीचा वास भरून होता. ताटांमध्ये पिशव्यांचे पापुद्रे वाळत पडलेले, तेरा दिवसांत कोणी न उचलल्यामुळे कडांनी वळलेले. सुचिता ते एकेक सोडवून पोत्यात टाकत होती. सुटून आला की पापुद्रा कडकन तुटायचा.

“बसा नं ताई. पाट देऊ?”

“पाट नको. एक सांग. माय बिमार पडली त्या दिवशी तिले पनीर कोनं देलं?”

सुचितानं हातातला पापुद्रा खाली ठेवला. म्हणाली, मी नाही दिलं. मग तिनं कामाची रीत सांगितली, जशी एखादी बाई घराची साफसफाई सांगते तशी, काही न लपवता. दुकानात पट्टी लाल झाली की दुकानदार पिशवी परत पाठवतो. संध्याकाळच्या जीपनं माल येतो. परतीच्या पिशव्या हिरव्या क्रेटमध्ये, क्रेट शेडच्या बाहेर ओट्यावर. सकाळी गोठ्यामागच्या खड्ड्यात. पिशवी फोडायची नाही, पनीरासकट पुरायची. दोन्ही मिळून खत होतं. कलाबाई पुरायला येते, ती सकाळी येते, म्हणून क्रेट रातभर ओट्यावर.

“कुलपाबिगर?”

“नासलेल्याले कोन कुलूप लावते, ताई?” ती म्हणाली, आणि मग तिलाच ते वाक्य टोचलं असावं. “कधी कधी क्रेटात कमी दिसायच्या. मले वाटलं, कुत्रं नेते.”

आपल्या मायला कुत्र्याच्या जागी बसवलेलं ऐकून अनुपमा एक पाऊल पुढं आली; पण ज्या बाईनं तसं बसवलं ती स्वतःच पांढरी पडली होती. काटा हलला. तिनं भिंतीवर टांगलेल्या पट्ट्यांच्या कागदाला हात लावला. बोट पिवळं झालं.

“ज्ञानूचं डोकं चांगलं व्हतं,” ती म्हणाली. काहीतरी म्हणायचं म्हणून.

सुचितानं पुन्हा एक पापुद्रा सोडवला. बाहेर मांडववाले बांबू सोडत होते.

“त्याईची पट्टी जांभळाची व्हती,” ती म्हणाली. “जांभळाच्या सालीचा रंग. नासलं की हिरवट व्हायची. चांगली व्हती, पण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फिकी पडे, मंग काहीच समजे ना. त्याच्यावरच काम चालू व्हतं त्याईचं. तेवढ्यात ते गेले.”

“मंग हे हळदीचं?”

“आत्याबाईंचा पानाचा डबा घासून राह्यली व्हती. हाताले वाटणाची हळद, डब्यात चुना. बोटं लाल झाले.” तिनं ते सांगताना बोटं पदरात घेतली. “पनीर नासते तवा आत जी वाफ धरते, ती चुन्याच्याच जातीची. मी एक पट्टी करून आत टाकून पाह्यली. झाली लाल.”

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कोणत्या बाईला माहीत नाही? कुंकू त्याचंच करत होते. पण ते पिशवीत घालायचं या बाईला सुचलं, ज्ञानूला परभणीला शिकून सुचलं नव्हतं, आणि अख्ख्या घराला, गावाला, जालन्याच्या डेअरीला ते ज्ञानूचंच वाटत होतं. अनुपमानं विचारलं, हे आजवर सांगितलं का नाहीस.

“दुकानदार त्याईच्या नावानं माल घेत व्हते, ताई. माहं नाव निघालं असतं तर म्हनले असते, बाईनं सयपाकघरात काहीतरी केलं.”

“अन् आज? आज तरी सांग. म्हनावं, शेड मी चालवली, पट्टी मी केली. मंग कोन हात लावते पाहू.”

“आज सांगितलं,” सुचिता म्हणाली, “तर मंग लाल रंगही माहाच होते नं.”

ते खरं होतं. पट्टी हिची म्हटली, की त्या पट्टीनं मायला वाचवलं नाही हेही हिच्याच माथी आलं असतं. बाहेरून रुपालीनं हाक मारली: या सगळे, मामा वाट पाहून राह्यले.

ओसरीत सतरंजी टाकली होती. कडूबा भिंतीला टेकून बाजेवर बसले होते, केस काढलेलं डोकं अजून नवखं, जणू ते दुसऱ्याचं घेऊन बसलेत. त्यांच्या वर भिंतीवर ज्ञानेश्वरचा फोटो, हार घातलेला, कपाळाला लाल टिळा. समोर शालिग्राममामा, सत्यभामाबाईंचा पाठचा भाऊ, चिखलीकडचा. बाई मेली की तिच्या माहेरच्या माणसाला एक दिवस बोलायचा हक्क असतो; तो हक्क मामांनी तेरा दिवस गुडघ्यावर हात ठेवून राखला होता. सकाळी त्यांनी भात खाल्ला, बुंदीला शिवले नाहीत.

शेखरनं सुरुवात गोड केली. म्हणाला, सुचिता आमची वैरी नाही. ज्ञानूची बायको आहे. पण लोकांचं तोंड धरता येत नाही. उद्या कोण आपलं पनीर घेईल? शेड बंद केलेली बरी, आणि तिनंही काही दिवस भावाकडं राहावं, मन रमेल. गोदामाचं त्यानं नाव काढलं नाही. ते रुपालीनं काढलं, तेही असं की शेड रिकामी ठेवून काय घुशी पाळायच्या? नवऱ्याच्या मनातलं आपल्या तोंडून सांडवून टाकायची तिची हातोटी जुनी होती. सांडलेलं दोघं मिळून पुसायचे.

मामांनी त्या दोघांकडं पाहिलंच नाही. ते सुचिताला म्हणाले, “सूनबाई, मले शेडशी घेनंदेनं नाई. माही बहीन नासकं खाऊन मेली. ते घरात पडलं काऊन व्हतं, एवढं सांग.”

सुचिता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं क्रेटचं सांगितलं, ओट्याचं सांगितलं. कुलूप नव्हतं, हेही सांगितलं. मग म्हणाली, “आत्याबाईंले मी दाखवलं व्हतं, मामा. पिवळं चांगलं, लाल खराब. हाव म्हनल्या व्हत्या. दोनदा सांगितलं.”

“म्हंजे माही बहीन येडी व्हती?”

“तसं नाई मामा.”

“मंग कसं? लाल म्हंजे खराब हे तिले समजलं, तरी तिनं खाल्लं. दोनच गोष्टी राह्यतात. एक तर ती येडी, नाई तर तिले कोनं उपाशी ठेवलं व्हतं. सांग तूच.”

रुपालीनं इथं पदर डोळ्यांना लावला. अनुपमाला वाटलं, आता बोलावं. मायला या घरात कोणी उपाशी ठेवलं नव्हतं. उलट ज्ञानू गेल्यापासून मायच ताट मागं सारायची, फोनवर दर वेळी सुचिता हेच सांगायची, ताई, तुम्ही सांगून पाहा, आत्याबाई जेवत नाहीत. पण शेवटच्या महिन्यांत ते सांगणं थांबलं होतं. माय जेवायला लागली होती. अनुपमानं तेव्हा सुटकेचा श्वास टाकला आणि का जेवायला लागली हे विचारलं नाही. आता तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात बाज करकरली.

“येडी नव्हती ती,” कडूबा म्हणाले.

तेरा दिवसांत ते पहिल्यांदा आपणहून बोलत होते. शेखर म्हणाला, आबा, तुम्ही पडा, आम्ही पाहतो. कडूबांनी हात हलवून त्याला गप्प केलं, जशी माशी हाकलतात.

“हिनं सांगितलेलं तिले समजलं व्हतं,” ते म्हणाले. “हाव म्हनली ते खरंच व्हतं. पण त्याच्या आधीच तिनं तिचं ठरवलं व्हतं.”

मग त्यांनी सांगितलं. सलग नाही, मध्येच थांबून, गोठ्याकडं बघून. एकदा संध्याकाळी परतीच्या मालात दुकानदाराच्या चुकीनं चांगल्या पिशव्याही आल्या. सत्यभामाबाई ओट्यावर बसल्या होत्या, त्यांनी त्या पिवळ्या पट्ट्या पाहिल्या. पहाटे पुन्हा ओट्यावर आल्या तर पट्ट्या लाल. गरमीचे दिवस, उघड्यावर माल, व्हायचंच. पण त्यांना ते तसं दिसलं नाही. कोणी हात लावला नाही, कोणी चुना घातला नाही, आणि हळदीचं कुंकू झालेलं. ज्ञानूच्या पिशवीत, ज्ञानूनं घातलेल्या हळदीचं.

“मले उठवलं. म्हने, पोरगं तिथून कुंकू धाडून राह्यलं.”

रुपालीचा पदर डोळ्यांवरून खाली आला.

“मी म्हनलं, व, ते नासलं म्हनून लाल झालं, सूनबाईनं सांगितलं नं. तर म्हने, ते दुकानाले. घराले येगळं. बायकोसाठी धाडते तो. तिच्या कपाळाले लोक लावू देत नाईत, म्हनून माह्यापाशी ठेवाले देते.”

चौकटीवरचा सुचिताचा हात खाली आला. ती बसली नाही. नुसती दाराआड अर्धी गेली, म्हणजे ओसरीतून फक्त तिचा पदर दिसत राहिला.

कडूबा सांगत राहिले, आता थांबत नव्हते. पट्टी काढून घ्यायची ती. आणि आतलं पनीर टाकवायचं नाही, लेकाकडून आलेलं कोण टाकतं? एक तुकडा तोंडात टाकायची, परसाद म्हणून. “मी म्हनलं, वास येते. म्हने, लेकाच्या हाताचा हाय. असाच व्हता.” ते जरा हसल्यासारखे झाले, आणि ते हसू बघणं अनुपमाला सोसलं नाही. “अन् मंग जेवाची. त्या एका तुकड्यावर पोळी खायची. ज्ञानू गेला तवापासून मी तिले पोळी खाताना पाह्यलं नव्हतं. मी पाह्यलं, खाऊन राह्यली. मी गप राह्यलो. रोज नाई व्हायचं, कधी मधी. पोटात दुखलं तर ओवा देल्ला. माह्यानं तिच्या हातातून ते हिसकून घेनं झालं नाई. जो काही गुन्हा हाय तो माहा लिहा.”

“आबा,” शेखर म्हणाला आणि बाजेकडं सरकला.

“पट्ट्या काय केल्या मायनं?” अनुपमानं विचारलं.

कडूबांनी वर न बघता अंगठा फोटोकडं केला. सगळ्यांच्या माना वळल्या. ज्ञानेश्वरच्या कपाळावरचा टिळा. महिनोन्‌महिने सगळे त्याला कुंकू समजत होते. रुपालीनं तर रोज सकाळी त्याच्यावर फूल वाहिलं होतं. जवळून पाहिलं तर ते कुंकू नव्हतंच, चौकोनी कागदाचे तुकडे होते, एकावर एक चिकटवलेले, इतके की टिळ्याला जाडी आली होती.

शालिग्राममामा उठले, फोटोपर्यंत गेले आणि तिथंच भिंतीकडं तोंड करून रडले. मोठा गडी, मळ्यात ओरडला तर शिवेवर ऐकू जायचं. त्याचा रडताना आवाजच निघाला नाही, फक्त पाठ हलत राहिली. मग ते वळले आणि सुचिताच्या अर्ध्या पदराकडं बघून म्हणाले की माझ्या तोंडून वाईट गेलं, पोरी. शेडला कोणी हात लावायचा नाही. माझ्या बहिणीचा देव आहे तिथं.

पारडं असं फिरलं की अनुपमासारखीलाही डोळे मिटून घ्यावेसे वाटले. मामांचा आवाज विरायच्या आत शेखर म्हणाला, बरोबर आहे मामा, ज्ञानूचं स्मारक आहे ते, आपण त्याचंच नाव देऊ, पिशवीवर फोटो छापू. रुपाली म्हणाली, मी तर पहिल्यापासून म्हणत होते, भाऊजींच्या हाताला गुण होता. सुचिताच्या भावाला येऊ नको म्हणून सांगायला शेखरनं मोबाइल काढलासुद्धा. हे सगळं खोटं नव्हतं. तेवढ्यापुरतं ते त्यांना खरंच वाटत होतं. काही माणसांचं दुःख असं असतं, ज्या बाजूला उतार असेल त्या बाजूला ते मनापासून वाहतं.

कडूबांना त्या बोलण्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते दाराकडं बघत होते.

“सूनबाई,” ते म्हणाले. “इकडं ये.”

सुचिता आली. कोरडी होती. अनुपमाला एकदम समजलं की ही तेरा दिवस रडली नव्हती ती कशी. जिला रडताना कोणी धरणार नाही ती बाई रडणं पुढं ढकलते.

“माह्या डोक्यात एक येत राह्यते,” कडूबा म्हणाले. “रातभर तेच येते. तू त्याच्यासंगं काम करत व्हती, तुलेच माहीत. पट्टी त्यानंच केलती नं? ते हळदीचं?”

मोबाइल कानाला लावलेला शेखर थांबला. एका शब्दावर काय काय टांगलेलं होतं, ते या ओसरीत फक्त दोघींना दिसत होतं. नाही म्हटलं, तर सुचिताची बुद्धी सुचिताला परत मिळत होती, आणि त्याच शब्दानं सत्यभामाबाईंचं कुंकू नासकं पनीर होत होतं. मग त्या लेकाच्या हातचं खाऊन गेल्या नव्हत्या. सुनेच्या हातचं खाऊन गेल्या होत्या. म्हातारा गप्प राहिला तो कशासाठी, हेही त्याच शब्दानं पुसलं जाणार होतं. अनुपमाला बोलता आलं असतं. तिला ठाऊक होतं. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांची मापं काढली होती. आज पहिल्यांदा माप हातात असून तिनं खाली ठेवलं. आपण बापासाठी गप्प बसतोय की आपल्याला बोलायचं धाडस नाही, हे तिला नीट ठरवता आलं नाही.

“हाव मामंजी,” सुचिता म्हणाली. “त्याईनंच केलती.”

कडूबांनी डोळे मिटले. चेहरा सैल झाला, तापातून उठलेल्या माणसाचा होतो तसा. मामा म्हणाले, मग ती पट्टी बदलायची नाही, जशी आहे तशीच ठेवायची, पोराच्या हातची खूण आहे. शेखरनं मान डोलावली, रुपालीनं डोलावली. ठरल्यासारखंच झालं. मांडववाला दारात येऊन उभा राहिला, त्याला शेखरनं नंतर ये म्हणून हातानं सांगितलं.

“पट्टी राहीन,” सुचिता म्हणाली. “रंग बदलाव लागंन.”

आता मिळालं ते घ्यावं आणि गप्प बसावं, असं अनुपमाला डोळ्यांनी तिला सांगावंसं वाटलं. पण सुचिता तिच्याकडं बघत नव्हती.

“काऊन व?” रुपालीच्या आवाजाला पुन्हा धार आली. “भाऊजींच्या हातचं तुले पटत नाई काय आता?”

खरं कारण सगळ्यांच्या समोर पडलेलं होतं आणि कोणालाच उचलायचं नव्हतं. पिशव्या जालन्यापर्यंत जाणार होत्या. लिहिलेलं न वाचणाऱ्या बायका घराघरांत असतात, आणि लेकरू गेलेल्या आया कुठल्या गावात नसतात? त्यांपैकी कोणी पहाटे पिशवी उघडून बघेल आणि तिला नासलेलं दिसणार नाही, कुंकू दिसेल. पण हे बोलणं म्हणजे आत्ताच सावरलेल्या म्हाताऱ्याला सांगणं की तुझी बायको चुकली. अनुपमानं पाहिलं, सुचिताचे ओठ एकदा हलले आणि परत मिटले. ती शब्द शोधत नव्हती. ती ठरवत होती, की एकदा दिलंच आहे तर उरलेलंही देऊन टाकावं.

“त्याईच्याच मनात व्हतं,” ती म्हणाली. “पुढच्या खेपेले रंग बदलू म्हनत व्हते. राहून गेलं.”

म्हणजे झालेलं काम ज्ञानूच्या नावावर गेलं होतंच. आता न झालेलंही गेलं. उद्यापासून ती ताटं घासून, रंग उकळून, नासलेल्या पनीरात नाक घालून जे काही शोधील, ते तो आधीच सांगून गेलेला असेल. रुपाली गप्प बसली. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे सुचिताला आज समजलं होतं, आणि त्याच आधारावर ती या घरात पुढची वर्षं काढणार होती.

“कोनता म्हनला व्हता?” कडूबांनी विचारलं. डोळे उघडून, पुढं वाकून. पोराची एखादी नवी गोष्ट ऐकायला मिळावी तसे.

असा रंग अजून कुठं नव्हता, सुचिताच्या ताटांत नाही, कागदावर नाही. तिनं ओसरीभर नजर फिरवली. मांडव, मामांचे ओले डोळे, बाजेवरचं बोडकं डोकं.

“राखेचा,” ती म्हणाली.

कडूबा ते मनाशी घोळवत राहिले. मग त्यांनी मान हलवली, हळूहळू, पटल्यासारखी.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “राख कोनी तोंडात घालत नाई.” आणि कोणाकडं न बघता, “लय हुशार व्हतं माहं पोरगं.”

“हाव,” सुचिता म्हणाली.